गिळा आता

९ जानेवारी

प्रिय ठमे,

काल तू फोन केलास आणि मी नुसता घरघरत राहिलो, म्हणून हे पत्र. माझा आवाज सध्या पाणी जायच्या वेळी नळ करतो तसा आहे. तू पलीकडून "काय? काय?" करत होतीस आणि शेवटी रडायला लागलीस. रडायचं काही कारण नाही. डोक्यातली एक बारीक शीर तुंबली, तिने घसा आणि आवाज बिघडवला, पण हात शाबूत आहे आणि डोकंही. तेव्हा यापुढे पत्र. तूही पत्रच लिही, म्हणजे बरोबरी होईल.

तब्येत विचारशील तर अक्षरशः नाकी नऊ आलेत. डाव्या नाकपुडीतून नळी गेलीय ती थेट पोटात. सूनबाई तिच्यातून पातळ केलेलं जेवण सोडते आणि मी खिडकीबाहेर बघत बसतो, पेट्रोल भरून घेणाऱ्या गाडीसारखा. तू ड्रायव्हिंग शिकवतेस, तुला ही उपमा पटेल. डॉक्टरांचा हुकूम आहे की तोंडाने काहीही नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. चहा चाखायच्या नोकरीत ज्या जिभेच्या शब्दावर कंपनीने चहाच्या पेट्या ठेवून घेतल्या किंवा परत पाठवल्या, ती जीभ आता तोंडात नुसती पडून आहे.

आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागतं. तिथे एक बाई आहेत, त्यांचं काम म्हणजे लोकांना गिळायला शिकवणं. असाही धंदा असतो हे मला या वयात कळलं. पोरगेल्या आहेत. माझ्या कंठमण्यावर दोन बोटं ठेवतात आणि म्हणतात, "गिळा." काय गिळा? तर काही नाही, आपलीच थुंकी. कंठमणी वर उचलला जातो का ते बोटांनी बघतात आणि मान हलवतात. मी तिचं नाव गिळाबाई ठेवलंय.

तुझी वहिनी चिडली की ताट माझ्यापुढे आपटून म्हणायची, "गिळा आता." आठवतंय ना? अख्खा संसार जो शब्द शिवी म्हणून ऐकला तो आता औषध म्हणून ऐकतोय. ती असती तर हसून हसून बेजार झाली असती.

आता मुद्द्याचं. डॉक्टर म्हणाले, मार्च संपेपर्यंत गिळणं सुधारलं नाही तर पोटाला भोक पाडून तिथून नळी बसवू. मी पाटी मागून घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं : मी तोंडाने खाणारा माणूस आहे आणि तोंडानेच खाईन. पोटाला हात लावू देणार नाही. चहाचा कप हातात घेऊन तुला पत्र लिहीन तेव्हाच मला दादा म्हण.

तुझा,
दादा


१७ जानेवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं आणि मी ते प्लास्टरवर ठेवून वाचलं. हो, प्लास्टर. तुला सांगितलं नव्हतं कारण तुझंच तुला पुरे होतं. एका शिकाऊ बाईने ब्रेक समजून दुसरंच काहीतरी दाबलं आणि गाडी विजेच्या खांबाला भेटवली. तिला खरचटलंही नाही. माझा घोटा मोडला. माझ्या पायाखालचा दुसरा ब्रेक मी दाबला होता, पण तोवर खांब जवळ आला होता. त्यामुळे एक दिवस आणि एक रात्र प्रवास करून तुझ्याकडे येणं सध्या शक्य नाही. नाहीतर मी काही पत्र लिहीत बसले नसते, सरळ येऊन त्या डॉक्टरसमोर उभी राहिले असते.

पोटाला हात लावू देऊ नकोस. भांड. आपल्या घराण्यात एवढी एकच कला पिढ्यान् पिढ्या चालत आलीय.

पण एक सांग, तुला एवढं चहाचं प्रेम कधीपासून? जन्मात तू घरी चहा प्यायला नाहीस. दिवसभर कंपनीत कपामागून कप भुरके मारून पिकदाणीत थुंकायचे आणि घरी आलं की कोमट दूध. लग्नानंतरची पहिली सकाळ विसरलास का? नव्या नवरीने चहा करून आणला. तू सवयीने जोरात भुरका मारलास, तोंडात फिरवलास, डोळे मिटलेस, आणि बेसिनमध्ये थुंकून म्हणालास, "पान जुनं आहे." आई कपाळाला हात लावून बसली होती. वहिनी दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही, आणि नंतर जन्मभर तिने तुला चहा दिला तो तू कधी संपवला नाहीस. हे मी तुला चिडवायला लिहितेय. चीड, म्हणजे रक्त फिरेल.

गिळाबाईंचं ऐक मात्र. त्या काय काय करून घेतात ते सविस्तर लिही.

तुझी,
ठमी (एका पायाची)


२८ जानेवारी

प्रिय लंगडे ठमे,

बातमी मोठी आहे, म्हणून आधी बातमी. मी चहा सुरू केला.

दचकू नकोस. पितो कोण? डॉक्टरांचा हुकूम काय? गिळायचं नाही. बरोबर. मी गिळत नाही. घोट घेतो, तोंडात खेळवतो आणि थुंकतो, नोकरीत केलं तेच. कंपनीतून अजून नमुन्यांचे डबे येतात, कारण नवीन माणसाची जीभ अजून कोवळी आहे. मी चव बघतो आणि चिठ्ठी लिहून पाठवतो. सूनबाईने आधी घर डोक्यावर घेतलं. मी तिला पाटीवर लिहून विचारलं की गिळणं आणि चाखणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत की नाही. ती शाळेत भाषा शिकवते, तिला हो म्हणावं लागलं. मग म्हणाली, एकदा जरी ठसका लागला तरी डबे गच्चीवरून खाली फेकीन.

तर ऐक. पहिल्या दोन-तीन दिवसांत ठसका लागला, नाही असं नाही. डोळ्यांत पाणी आलं, सूनबाईने डबे हातात घेतले. पण नंतर ठसका आपोआप कमी होत गेला आणि गेला आठवडाभर एकदाही नाही. एवढासाही नाही. घसा शिकतोय. अगं, साधं आहे, शीर तुंबली म्हणून घसा विसरला होता, ओळखीचा चहा भेटल्यावर त्याला आठवलं. सूनबाईचा राग गेला, आता तीच पाणी उकळून देते.

गिळाबाईला हे सांगितलेलं नाही. तिने चहाचं विचारलं नाही, मी बोललो नाही. तिचं आपलं चाललंय : जीभ टाळूला दाबा, मान उचला, बोटं ठेवते, गिळा. पी हळद आणि हो गोरी असं नसतं, दम धरा, म्हणते. तिला काय माहीत, मी गोरा होत आलोय.

संध्याकाळी जरा कणकण असते आणि छातीत थोडं जड वाटतं. हवा बदललीय. बाकी ठणठणीत. मार्चमध्ये डॉक्टरसमोर कप धरीन तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होईल.

तुझा,
दादा


५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

शाब्बास रे वाघा. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि ड्रायव्हिंग स्कूलमधल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. ज्या बाईने मला खांबावर घातलं तिला तर मुद्दाम म्हटलं, बघा, माझा भाऊ घसा नसताना चहा घेतो आणि तुम्हाला पाय असून ब्रेक सापडत नाही.

ठसका गेला हे सगळ्यात छान. फक्त एक वाटलं, ठसका लागला की कोणीतरी आठवण काढतंय असं आई म्हणायची. तुला आठवडाभर ठसका नाही म्हणजे कोणी आठवणच काढत नाही असं समजू नकोस. मी काढते. तुझ्या घशाने त्याची दखल घेतली नाही तर तो त्याचा उद्धटपणा.

कणकणीला एखादी गोळी घे आणि रात्री छातीवर पांघरूण घे. पोटाच्या भोकाची गोष्ट आता कोणी काढणार नाही असं दिसतंय. मी प्लास्टर निघालं की येतेच. आपण दोघं बसून चहा घेऊ, मी पिईन आणि तू थुंक.

तुझी,
ठमी


१४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार.

हे पत्र बाबांकडून नाही, माझ्याकडून आहे. घाबरू नका, आता धोका टळलाय, पण आठवडाभर तो होता. बाबांना मंगळवारी ताप चढला, धाप लागली आणि ओठ निळे पडले. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया होता. अजून ते दवाखान्यातच आहेत, ऑक्सिजन काल काढला.

डॉक्टरांनी मला एकच विचारलं, तोंडाने काही देत होता का? मी चहाचं सगळं सांगितलं. गिळण्याच्या बाईंना कळल्यावर त्या धावत आल्या आणि पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच होता : ठसका लागत होता का? मी अभिमानाने म्हटलं, नाही, अजिबात नाही. त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, मला याचीच भीती होती. पुढच्या आठवड्यात त्या बाबांच्या गिळण्याचा एक्स-रे काढणार आहेत, हलता, सिनेमासारखा. त्यात सगळं दिसेल म्हणतात.

आत्या, राग मानू नका, पण तुमच्या पत्रांनी बाबांच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं. ते बळ ते आमच्याशी भांडण्यात खर्च करतात. मी या घरात पोलीस नाही आणि व्हायचंही नाही. पाणी मीच उकळून देत होते, हे मला माहीत आहे. तुम्ही त्यांचं बळ जरा वळवून द्या, एवढंच मागते.

तुमची,
सूनबाई


२ मार्च

प्रिय ठमे,

जिवंत आहे. सूनबाईने कळवलंच असेल. आता माझ्याकडून ऐक.

सिनेमा झाला. नायक मी. खुर्चीत ताठ बसवलं, बाजूला यंत्र, समोर पडदा. पडद्यावर माझी कवटी, जबडा, दात, सगळं राखाडी. गिळाबाईने चमच्याने खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी तोंडात घातलं आणि म्हणाली, "गिळा." मी गिळलं. मला वाटलं, उत्तम गिळलं. ठसका नाही, काही नाही. मी तिच्याकडे बघून भुवया उडवल्या.

तिने तो तुकडा पुन्हा हळूहळू फिरवून दाखवला. पांढरं पाणी जिभेवरून मागे जातं. घशात खाली दोन वाटा आहेत, मागची अन्नाची, पुढची श्वासाची. गिळताना श्वासाच्या वाटेवर झाकण पडतं, तसं माझंही पडतं, पण उशिरा. तोवर निम्मं पाणी पुढच्या वाटेने खाली उतरलेलं. सरळ छातीत. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि पडद्यावरचा तो माणूस शांत बसलाय, खोकत नाही, त्याला पत्ताच नाही.

ती म्हणाली, "ठसका हा तुमचा पहारेकरी होता. तुम्ही रोज त्याच्या अंगावरून चहा नेलात. तो दमून झोपला."

मग विचारलं, तुम्ही चहा घ्यायचात तो कसा? मी त्याच पांढऱ्या पाण्याच्या अर्ध्या चमच्यावर भुरका मारून दाखवला. भुरका म्हणजे काय, तर घोटाबरोबर जोरात हवा आत ओढायची, म्हणजे चहा तुषार होऊन टाळूवर पसरतो आणि खरी चव कळते. आमच्या धंद्याची सगळी विद्या त्या एका भुरक्यात आहे. पडद्यावर काय झालं माहितेय? हवा आत ओढली म्हणजे श्वासाचं दार सताड उघडं, आणि चहा त्याच दारातून आत. थुंकायला तोंडात जे उरत होतं ते उरलंसुरलं. गिळाबाई म्हणाली, आधी हा भुरका सोडा. चाखणं वेगळं आणि गिळणं वेगळं म्हणणारा मी, चहा फुप्फुसांनी पीत होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

एवढं पाहूनही माझं म्हणणं बदललेलं नाही. डॉक्टर म्हणतात, आता मार्च संपायची वाट बघायची नाही, लगेच पोटात नळी. मी पाटीवर लिहिलं, नाही. ते म्हणाले, नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, आणि तोंडाने घेतलंत तर पुढचा न्यूमोनिया निघून जाणार नाही, तुम्हाला घेऊन जाईल. मी लिहिलं, जाऊ दे. नळीवर जगून चवीशिवाय दहा वर्षं काढण्यापेक्षा एक कप चहा पिऊन जाणं पत्करलं. चिरंजीव रडला. सूनबाई खोलीतून निघून गेली. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

तू माझ्या बाजूची आहेस. पोटाला हात लावू देऊ नकोस असं तूच लिहिलंस. तेच डॉक्टरांना लिही, सही करून. माझ्या शब्दाला इथे आता किंमत नाही.

तुझा,
दादा


८ मार्च

दादा,

लिहिणार नाही.

डॉक्टरांना नाही लिहिणार, आणि मी तुझ्या बाजूचीही नाही. म्हणजे तुझ्या बाजूची आहे, पण तू ज्या बाजूला उभा आहेस त्या बाजूची नाही. ठसका गेला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. अगं बाई, मी गाडी शिकवते. हॉर्न वाजत नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे असं कुठल्या शिकाऊ पोरीने म्हटलं असतं तर मी तिला गाडीतून उतरवलं असतं. हॉर्न बिघडलाय, एवढाच त्याचा अर्थ. आता नाही टाळ्या वाजवायची.

तू म्हणतोस मरण पत्करलं. कोणी मागितलं तुझ्याकडे मरण? गिळाबाईने काय मागितलंय? तिने तुझी एक सवय मागितलीय. भुरका सोड म्हणतेय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि तू ती म्हण खरी करायला निघालास. लोकांच्या म्हणी खऱ्या करण्याएवढा आज्ञाधारक तू कधीपासून झालास? तुझ्यात दम असेल तर जितेपणी खोड घालवून दाखव. मी त्याला हट्ट म्हणीन. कप हातात घेऊन मरायला कोणीही मरेल.

आणि नळीचं ऐक. माझ्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तुला माहीत आहे. तो असतो म्हणून मी शिकाऊ माणसाच्या हातात चाक देते. तो नसेल तर मी कोणालाही चाक देणार नाही आणि कोणी कधी गाडी शिकणार नाही. पोटातली नळी म्हणजे तो ब्रेक. पोट तिकडून भरू दे, अंगात ताकद येऊ दे, मग तोंडाला चाक दे आणि शिकव. गाडी यायला लागली की दुसरा ब्रेक कोणी उखडून फेकत नाही, पण त्यावर पाय ठेवायची गरज उरत नाही. तू नळीला शेवट समजलास. मला वाटतं गिळाबाई तिला सुरुवात समजतेय. तिला विचार तरी.

आता दुसरं. औषधाच्या दुकानातून मी ती पावडर आणली, ज्याने पातळ पदार्थ घट्ट करतात. तुझ्यासारख्यांना पुढे घट्ट चहा देतात म्हणे, कारण तो घशातून हळू उतरतो आणि झाकणाला पडायला वेळ मिळतो. एका पायावर उड्या मारत ओट्यापाशी गेले, चहा केला, पावडर घातली आणि चमच्याने खाल्ला. परीक्षण पुढीलप्रमाणे : रंग पावसाळ्यातल्या डबक्याचा. वास ओल्या पुठ्ठ्याचा. चव कपड्यांना घालायच्या खळीची, साखर घातलेल्या खळीची. संपवला मात्र. सगळा गिळला, तुझ्या नावाने.

माझी जीभ अडाणी आहे. तुझी जीभ एवढी मोठी, मग तू सांग यात चूक चहाची आहे, पावडरची की माझ्या हाताची. पण ते सांगायला तुला जगावं लागेल.

ठमी


३ मे

प्रिय ठमे,

तुझं पत्र वाचून आधी फाडलं. मग सूनबाईकडून गोंद मागून चिकटवलं. मग पाटीवर एकच प्रश्न लिहून गिळाबाईला दाखवला : नळी शेवट की सुरुवात? ती म्हणाली, "हे मी तुम्हाला जानेवारीपासून सांगतेय." पहिल्याच भेटीत सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी डॉक्टरशी भांडण्यात गुंतलो होतो, ऐकलं नसावं.

तर पोटात नळी आहे. छोटीशी, शर्टाखाली दिसतही नाही. नाक मोकळं झालं आणि पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून भाजल्याचा वास आला तेव्हा मी उठून बसलो. नाकात नळी होती तोवर मी अर्धा आंधळाच होतो.

आता दिनक्रम. पाठीवर झोपून खांदे न उचलता नुसतं डोकं उचलायचं आणि पायाची बोटं बघत राहायचं. मान थरथरते, शिव्या येतात, आवाज नसल्यामुळे त्या आतच राहतात. मग सगळी ताकद लावून थुंकी गिळायची. मग कंठमणी वर गेला की त्याला तिथेच धरून ठेवायचं, खाली पडू द्यायचं नाही. दात घासायचे ते असे की तोंडात काही राहता कामा नये, कारण चुकून थुंकी छातीत गेलीच तरी ती स्वच्छ असावी. आणि दवाखान्यात गिळाबाईसमोर आता घट्ट केलेल्याचे थोडे घास मिळतात, त्या प्रत्येक घासानंतर "आ" म्हणायचं. आवाज ओला आला म्हणजे काहीतरी वाटेत अडकलंय, मुद्दाम खोकून काढायचं. पहारेकरी झोपलाय, तर त्याचं काम आपण करायचं.

सगळ्यात अवघड काय? भुरका. हनुवटी छातीकडे, मान कमजोर बाजूला वळवून, छोटा घास, तोंड मिटून, आवाज न करता. आवाज न करता चहा घेणं म्हणजे सायकलस्वाराला सांगावं की पाय न हलवता चालव, तसं मला वाटतं. चमचा ओठाला लागला की आतून हवा ओढायची हाक येते. गिळाबाई माझ्या ओठांकडे बघत असते, मांजर उंदराच्या बिळाकडे बघते तशी. "ओढलीत," म्हणते. परत. "ओढलीत." परत.

आता तुझ्या परीक्षणाबद्दल. चूक तुझ्या हाताची आहे. तू नेहमीचा चहा केलास आणि त्यात पावडर घातलीस. पावडर चव खाते, म्हणून चहा आधी दुप्पट कडक काढायला हवा, साखर कमी, आणि उकळता असताना पावडर घातली की गुठळ्या होतात. जरा निवू द्यायचा, मग थोडी थोडी भुरभुरवत ढवळायची. दवाखान्यात तर ते तेवढंही करत नव्हते. बाकावर आम्ही चौघं बसतो, एक निवृत्त कंडक्टर, एक शिंपी, एक आजी आणि मी. चौघांना प्लास्टिकच्या पेल्यात तेच कोमट राखाडी काहीतरी. आजी तोंड फिरवून घ्यायच्या आणि सगळे म्हणायचे, त्यांना भूकच नाही.

मी त्या पेल्यावर पाटी ठेवली आणि लिहिलं : नमुना नापास. आजाऱ्याला घसा नाही, जीभ आहे. मोठी डॉक्टरीण आली, मी हललो नाही. आमच्या बाकावर कोणीही तो पेला घेतला नाही. कंडक्टरला बोलता येत नाही, त्याने खिशातून जुनी शिट्टी काढून वाजवली. शेवटी गिळाबाई म्हणाली, मग तुम्हीच सांगा कसा करायचा. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात मी खुर्ची टाकून बसतो, मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि चहा पाटीवर लिहून करवून घेतो. काल आजींनी पेला संपवला आणि चमचा चाटला.

जूनअखेर दुसरा सिनेमा आहे. त्यात पातळ चहा खाली नीट उतरला तर साध्या कपाची परवानगी. नाही उतरला तर हे खळीचं राज्य पुढे चालू. मला तो कप हवाय, ठमे. हवाय म्हणजे हवाय.

तुझा,
दादा


१९ मे

प्रिय दादा,

फाडून चिकटवलंस ते बरं केलंस, माझं अक्षर एवढं वाया घालवायच्या लायकीचं नाही.

प्लास्टर निघालं. पाय वाळक्या काडीसारखा झालाय. मलाही व्यायाम दिलाय, टाच उचला, बोटं वळवा, आणि मी लबाडी करते. काल लबाडी करताना तुझं डोकं उचलणं आठवलं आणि सगळे पुरे केले. तुझ्यामुळे कोणाचं तरी भलं होतंय, मान ताठ ठेव. नाही, हनुवटी खाली ठेव.

त्या खांबवाल्या बाईची परवान्याची परीक्षा झाली. पास झाली. परीक्षा घेणाऱ्याने विचारलं, ब्रेक लावताना एवढा विचार का करता? म्हणाली, माझ्या बाईंचा पाय मोडलाय. मला रडू आलं, तुला सांगायला हरकत नाही.

तुझ्या पद्धतीने घट्ट चहा करून पाहिला. आधी कडक, मग निवू दिला. खळ राहिली नाही. चहा झाला. तू अजून तूच आहेस म्हणून बरं वाटलं.

जुलैमध्ये येते. सिनेमात काय दिसेल ते दिसो.

तुझी,
ठमी (दोन पायांची)


३ जुलै

प्रिय ठमे,

डाव्या हातात कप आहे. उजव्या हाताने लिहितोय. म्हणजे आता मला दादा म्हणायला हरकत नाही. पण क्रमाने सांगतो.

सिनेमा झाला. आधी घट्ट, मग पातळ. पडदा माझ्याकडे फिरवून ठेवला होता. पातळ पाणी जिभेवर आलं आणि माझ्या ओठांना ती जुनी हाक आली, ओढ, ओढ. नाही ओढली. हनुवटी खाली, मान वळवली, तोंड मिटलं. गिळाबाई म्हणाली, "गिळा." पांढरी रेघ मागच्या वाटेने सरळ खाली गेली. पुढच्या वाटेकडे फक्त एक थेंब वळला. आणि ठमे, मला ठसका लागला. खणखणीत, छाती हलवणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. सगळे दचकले. गिळाबाई एकटी टाळ्या वाजवत होती. पहारेकरी जागा झाला, म्हणाली. तेव्हा खरं सांग, नेमकं त्याच वेळी माझी आठवण काढत होतीस का?

आता परवानगी अशी आहे : साधा चहा, छोटे घोट, ताठ बसून, कोणीतरी समोर असताना. पाणी अजून घट्टच. नळी अजून राहील, पाय ठेवायची गरज पडली तर. ती राहू दे, माझं तिच्याशी भांडण नाही. त्या नापास नमुन्याचं म्हणशील तर दवाखान्यातला घट्ट चहा आता पास केलाय, शिंपी बाहेरून येणाऱ्याला त्याची शिफारस करतो आणि कंडक्टर शिट्टी वाजवून दुजोरा देतो. कंपनीला कळवलं की नवीन माणसाची जीभ आता पिकली असेल, मला डबे पाठवू नका. मला थुंकायला वेळ नाही.

आज सकाळी सूनबाईने पहिला कप केला. चिनी मातीचा, तुझ्या वहिनीचा, कानाला चीर गेलेला. समोर बसली. मी पहिला घोट घेतला. आवाज नाही. हनुवटी खाली, गिळला. "आ" म्हटलं. आवाज कोरडा आला, खरखरीत पण कोरडा.

सूनबाईने विचारलं, "बाबा, कसा झालाय?"

मी एवढी वर्षं चहा तोंडात फिरवून सांगत आलो, गिळून कधी सांगितलं नव्हतं. गिळल्यावर घशातून वास पुन्हा वर येतो, नाकात, उशिरा, आणि तो तोंडातल्या चवीपेक्षा वेगळा असतो. निम्मा चहा तिथे होता आणि मी तो आयुष्यभर पिकदाणीत टाकत आलो. पण सवय ती सवय. मी म्हटलं, माझ्या त्या घोगऱ्या आवाजात, पाटी न घेता, "पान जुनं आहे."

ती कप ओढायला लागली. म्हणाली, मग ठेवा, नका पिऊ.

मी कप सोडला नाही. घोट घ्यायचा, मान वळवायची, गिळायचं, "आ" म्हणायचं, असं करत सगळी सकाळ गेली. चहा केव्हाच गार झाला होता. ती उठून गेली नाही. तळाशी शेवटचा घोट उरला, गाळासकट, तेव्हा थकून मी कप खाली ठेवणार होतो.

सूनबाई शांतपणे म्हणाली, "गिळा आता."

कोणी शिकवलं तिला? मी नाही. गिळाबाईकडून ऐकलं असेल, नाहीतर सासूकडून. मी गिळला. तुझ्या वहिनीच्या कपातला पहिला पूर्ण चहा, ठमे. कप सुरुवातीपासून डाव्या हातातच आहे आणि आता रिकामा आहे.

तू ये. दोन कप करू आणि दोन्ही संपवू.

तुझा,
दादा